सोळा आगींतून एक राजा

पारशी माणसाला आपण 'अग्निपूजक' म्हणून मोकळे होतो. आमच्या बोर्डी-घोलवडकडे पारशी-इराण्यांच्या चिकूच्या वाड्या कुंपणाला कुंपण लागून, तरी आमच्याही तोंडी तोच शब्द. मला तो फार तोकडा वाटतो. त्यांच्या सर्वांत पवित्र अग्नीची, आतश बेहरामची, घडण समजली की तो कुणालाही तोकडाच वाटेल.

हा अग्नी सोळा ठिकाणांहून मागून आणतात. कुंभाराची भट्टी, सोनाराची शेगडी, रंगाऱ्याची चूल, लोहारशाळा, टांकसाळ, भटारखाना, मेंढपाळाची शेकोटी. वीज पडून लागलेली आग हवी, आणि चितेचीसुद्धा. ज्या धर्मात अग्नीला प्रेताचा स्पर्श म्हणजे घोर पाप, तो चितेची आग वगळत नाही, शुद्ध करून घेतो! जीवनजी जमशेदजी मोदींनी १९२२च्या आपल्या ग्रंथात ही रीत बारकाईने लिहून ठेवली आहे. भोकं असलेल्या पळीत चंदनाचा चुरा घ्यायचा आणि पळी ज्वाळेला न टेकवता वर धरायची. नुसत्या धगीने चुरा पेटला की तो नवा अग्नी. मग त्याच्यावर पुन्हा पळी. चितेच्या अग्नीसाठी हे ९१ वेळा. शेवटी सगळे अग्नी एकत्र करून त्याला 'तख्तनशीन' करतात, राजासारखं.

पारशांनी संजाणला स्थापलेल्या अशा अग्नीचं नावच इराणशाह. एका सुलतानाच्या फौजेने संजाण घेतलं तेव्हा पारशांनी त्याला आमच्या इथल्या बाहरोटच्या डोंगरात नेलं. बहमन कैकोबादने १६००च्या सुमारास लिहिलेल्या 'किस्सा-ए-संजान'मध्ये हा मुक्काम बारा वर्षांचा सांगितला आहे. पावसाळ्यात त्या चढणीवर साधी काडी पेटवायची म्हटलं तरी हात टेकतात. तिथे बारा पावसाळे एक अग्नी विझू द्यायचा नाही, म्हणजे रात्री-अपरात्री कोणीतरी सुकं लाकूड घालत बसलेलं असणारच. त्या माणसांची नावं किश्श्यात नाहीत, याची मला खंत वाटते.

पुढे वांसदा, नवसारी असं करत इराणशाह १७४२ साली उदवाड्याला आला. तिथे आजही दिवसाच्या पाचही प्रहरी त्याला चंदन वाहतात. त्याला 'बोई देणं' म्हणतात. मुंबईत असे चार आतश बेहराम आहेत. त्यांतला शेवटचा १८९७चा. त्यानंतर भारतात सोळा आगी पुन्हा कोणी गोळा केलेल्या नाहीत.