जांघेतला डाग आणि गोव्याची भुकटी

पावसाळ्याच्या आरंभी रायपूरच्या भाजीबाजारात चरोट्याच्या जुड्या दिसू लागतात. महाराष्ट्रात हीच वनस्पती टाकळा म्हणून ओळखली जाते. तिच्या संस्कृत नावांपैकी एक 'दद्रुघ्न', म्हणजे गजकर्णाचा नाश करणारी. तिच्या बियांतील क्रायसोफॅनॉलचे एक जवळचे रासायनिक भावंड एकोणिसाव्या शतकात मुंबईत 'गोवा पावडर' या नावाने विकले जात होते.

ही पिवळसर तपकिरी भुकटी कोठून येते, हे वैद्यकाला दीर्घकाळ ठाऊक नव्हते. 1864 मध्ये मुंबईच्या केम्प यांनी तिची नोंद केली, 1874 मध्ये जोसेफ फेरर यांनी तिच्याविषयी लिहिले. ते वाचून ब्राझीलमधील बाहिया येथील डॉ. दा सिल्वा लिमा यांनी कोडे सोडवले: हे तर आमच्याकडच्या अरारोबा वृक्षाच्या खोडातले चूर्ण! पोर्तुगीज व्यापाराने ते गोव्यात आणले होते. भुकटी गोव्याची नव्हतीच, केवळ नाव गोव्याचे.

तिचा मुख्य उपयोग गजकर्णावर. दमट हवेत ही बुरशी पुरुषांच्या जांघेत सहज रुजते. इंग्रजांनी या विकाराला 'धोबी इच' म्हणून दोष परटाच्या माथी मारला. वस्तुतः ती बुरशी पुष्कळदा रुग्णाच्या स्वतःच्याच पायांवरून जांघेत पोहोचते. ज्या विकाराविषयी घरातही बोलता येत नाही, त्यावर मुकाट्याने लावता येणारे चूर्ण लोकप्रिय झाले, यात नवल नाही.

परंतु या चूर्णातील क्रायसारोबिन हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून त्वचेवर व कपड्यांवर जांभळट तपकिरी डाग पाडते. हळदीचा डाग साबणाने लालसर व्हावा, तसे अल्कलीने त्याचेही रंग पालटतात. जांघेच्या नाजूक त्वचेची तर त्याने आग होते. डाग घालवण्यासाठी घेतलेले औषध नवा डाग देऊन जाई. याच औषधाने 1876 मध्ये लंडनच्या बाल्मॅनो स्क्वायर यांना सोरायसिसचा उपचार मिळाला, आणि 1916 मध्ये जर्मनीत त्याचा कृत्रिम वारस, डायथ्रॅनॉल, वापरात आला.

गोवा पावडरची जागा पुढे स्टेरॉइड मलमांनी घेतली. 1952 मध्ये सल्झबर्गर व विटन यांनी त्वचेवर हायड्रोकॉर्टिसोनचा गुण दाखवला. त्यानंतर आलेली तीव्र स्टेरॉइडे भारतात बुरशीनाशक व प्रतिजैविकासह एकाच नळीत मिसळून विकली गेली. खाज दोन दिवसांत थांबते. बुरशी मात्र थांबत नाही, कारण स्टेरॉइड केवळ शरीराचा प्रतिकार शमवते. त्वचा पातळ होते, फिकट पडते, जांघेत कायमचे चरे उमटतात. गजकर्णाची ओळखीची कडाही पुसली जाते. या फसव्या रूपाला 1968 मध्ये 'टिनिया इन्कॉग्निटो' हे नाव मिळाले. 2018 मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइडांची चिठ्ठीविना विक्री रोखणारी दुरुस्ती केली. 2020 मध्ये जपानी संशोधकांनी भारत व नेपाळमधील रुग्णांत आढळलेल्या, टर्बिनाफीनला न जुमानणाऱ्या बुरशीला 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' असे नाव दिले. आपल्या देशाचे नाव असे अमर व्हावे, हा गौरव म्हणावा की कसे!

शिवाय जांघेतला प्रत्येक डाग बुरशीचा नसतो. गजकर्ण वृषणाची त्वचा सहसा सोडून देतो. तीच लाल झाली तर डॉक्टर कँडिडाचा किंवा इसबाचा विचार करतात. पांढरा डाग कोडाचा असू शकतो, किंवा लायकेन स्क्लेरोससचा. लायकेन स्क्लेरोसस वेळीच ओळखणे विशेष महत्त्वाचे, कारण दुर्लक्षित राहिल्यास त्यातून क्वचित कर्करोग उद्भवतो. आणि या विकारावर उपचार म्हणून नेमके तीव्र स्टेरॉइडच देतात, अर्थात डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तपकिरी चट्टा एरिथ्राझ्मा या जिवाणूजन्य विकाराचाही असतो. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड यांच्या 1903 च्या काचेतून गाळलेल्या अतिनील प्रकाशात तो प्रवाळासारखा लाल चमकतो, कारण त्या जिवाणूंनी तयार केलेले पॉर्फिरिन प्रकाश शोषून लाल रंगात परत देते. बुरशीची शंका असल्यास त्वचेचे थोडे खरवडण पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. या दोन्ही तपासण्यांना मिळून काही मिनिटे लागतात. तत्पूर्वी कोणते मलम, किती दिवस लावले, एवढे मात्र रुग्णाने सांगावे लागते.