वणव्याच्या हंगामातील पहारा

मेहकर तालुक्यातील डोणगावच्या आसपासची शेतशिवारे उन्हाळ्यात मोकळी होतात, तेव्हा बुलडाणा जिल्ह्यातील डोंगरी वनांत वर्षातील सर्वाधिक दक्षतेचा काळ सुरू होतो. उत्तरेकडील सातपुड्यात अंबाबरवा, तर अजिंठा डोंगररांगेत ज्ञानगंगा हे अभयारण्य आहे. दोन्ही १९९७ साली घोषित झाली. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनविभागाच्या लेखी वणव्याचा हंगाम होय.

ही वने शुष्क पानझडी आहेत. साग, सलई, धावडा यांची पाने गळून जमिनीवर पाचोळ्याचा थर साचतो आणि एका ठिणगीने तो पेट घेतो. येथील वणवे बहुतेक मानवनिर्मित असतात. मोहफुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळणे, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून आग लावणे, विडीचे जळते थोटूक टाकणे ही त्याची नेहमीची कारणे. राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे.

हंगामापूर्वी जाळरेषा साफ केल्या जातात. नंतर उंचवट्यावरील मनोऱ्यांवर व संरक्षण कुट्यांवर पहारा बसतो. त्यासाठी आसपासच्या गावांतील मजूर हंगामापुरते अग्निरक्षक म्हणून नेमले जातात. दिवसा धूर आणि रात्री उजेड हेरायचा, जागा ओळखून वनरक्षकाला कळवायचे आणि मदत येईपर्यंत ओल्या डहाळ्यांनी आग झोडपायची, असे हे काम आहे. अलीकडे पाचोळा उडविणारी यंत्रेही वापरात आली आहेत. तरीही पिण्याचे पाणी वाहून आणणे आणि वन्यप्राण्यांच्या वावरात राहणे चुकत नाही.

अमेरिकेत १९१० च्या भीषण वणव्यानंतर अशा टेहळणी चौक्यांचे जाळे वाढले. लेखक जॅक केरुअ‍ॅक यांनी १९५६ मध्ये डेसोलेशन शिखरावरील चौकीत ६३ दिवस एकट्याने काढले. तेथील एकांत साहित्याचा विषय झाला. सातपुड्यातील अग्निरक्षकाचे काम मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते.

भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने आगीच्या सूचना देत आहे. परंतु उपग्रह ठराविक वेळीच माथ्यावरून जातो आणि लहान आग त्याच्या नजरेतून सुटू शकते. आग लहान असते तेव्हाच ती दोन-चार माणसांना आवरते. वेळ हुकली, तर जमिनीवरील घरटी आणि कोवळी रोपे जळतात, उघडी पडलेली माती पहिल्या पावसात वाहून जाते. म्हणूनच पाचोळा पावसाने भिजेपर्यंत डोंगरावरील माणसाच्या नजरेला पर्याय नाही.