हिरडा : विनयातील भेषज, मुरबाडच्या रानातील वृक्ष

शहापूरहून मुरबाडकडे जाताना सापगावजवळ भातसा नदी ओलांडावी लागते. या दोन्ही तालुक्यांच्या रानांत हिरडा, बेहडा, आवळा, कुडा, करंज हे वृक्ष आढळतात. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी या समाजांचा त्यांच्याशी जुना परिचय आहे. हिरड्याचे चूर्ण कोठा साफ होण्यासाठी घेतात, खोकल्यावर त्याचा तुकडा चघळतात, आणि बाळगुटीसाठी तो सहाणेवर उगाळतात.

हीच नावे विनयपिटकाच्या महावग्गातील भेसज्जक्खंधकात येतात. तथागतांनी हरीतक, बिभीतक व आमलक या फळांची औषध म्हणून अनुज्ञा दिली. कडुनिंब, कुडा, करंज यांचे काढेही मान्य केले. ही फळे भिक्खूने आयुष्यभर जवळ बाळगावीत, परंतु कारण असेल तेव्हाच घ्यावीत, असा नियम आहे. पंडुरोग झालेल्या एका भिक्खूसाठी गोमूत्रात भिजविलेल्या हिरड्याची अनुज्ञा मिळाली. नियम आजाऱ्याची गरज पाहून होत गेला, हे येथे महत्त्वाचे आहे.

याच्या उलट मनुस्मृतीने वैद्याला श्राद्धाच्या पंक्तीतून वगळले व त्याचे अन्न निषिद्ध ठरविले. ज्या चौथ्या अध्यायात हा निषेध आहे, त्याच अध्यायात चर्मकाराचे अन्नही निषिद्ध आहे. हिरड्यातील टॅनिनमुळे कातडेही कमावले जाते. म्हणजे एकच फळ हाताळणारे वैद्य आणि चर्मकार दोघेही अपवित्र ठरले! तथागतांनी मात्र आनंदासह आजारी भिक्खूला स्वतः अंघोळ घातली आणि रुग्णसेवा हे संघाचे कर्तव्य ठरविले.

हीच दृष्टी पुढे राज्यकारभारात उतरली. माणसांसाठी व जनावरांसाठी उपयुक्त वनस्पती जेथे नाहीत तेथे आणून लावल्याचे सम्राट अशोकांनी गिरनारच्या दुसऱ्या शिलालेखात नोंदविले आहे. त्यांच्या शिलालेखांपैकी आठव्याचा तुकडा 1882 साली सोपाऱ्यास सापडला. जुन्नरच्या लेण्यांकडे नेणारा नाणेघाट तर मुरबाड तालुक्यातूनच चढतो. त्या वाटेने गेलेल्या भिक्खूंना हिरडा अपरिचित नसावा.

मात्र विनयातील उपाय जसाच्या तसा आज वापरणे हा धम्म नव्हे. कावीळ झालेल्याने डॉक्टरांकडेच जावे. धम्म आपणांस कारण तपासण्याची दृष्टी देतो. त्याच दृष्टीने रानातील जाणकारांचे ज्ञान त्यांच्या श्रेयासह नोंदवून ठेवणे आणि ही झाडे राखणे, हे आपले काम आहे.