डीजे : तात्पुरत्या नळीचा इतिहास

१९५४ हे साल भोसरी-पिंपरी परिसरात हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या स्थापनेमुळे स्मरणात राहिले. त्याच वर्षी, २३ डिसेंबरला, अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याच्या देहात यशस्वीपणे बसवले. अकरा वर्षांनी, मे १९६५ मध्ये, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी मृत दात्याचे मूत्रपिंड बसवून भारतात या शस्त्रक्रियेचा आरंभ केला.

प्रत्यारोपण म्हटले की रक्तवाहिन्यांची जोडणी डोळ्यांपुढे येते. पण सर्वांत नाजूक सांधा असतो मूत्रवाहिनी आणि मूत्राशय यांचा. निसर्गतः मूत्रवाहिनीला वाटेत अनेक ठिकाणांहून रक्त मिळते. प्रत्यारोपित मूत्रवाहिनीला ते केवळ वरून, मूत्रपिंडाकडूनच मिळते. तिचे खालचे टोक उपाशी राहिले, तर सांधा गळतो किंवा आकसतो. तो भरून येईपर्यंत आत आधाराची नळी ठेवायची, हीच स्टेंटची कल्पना.

हा शब्द मात्र दातांच्या दवाखान्यातून आला! चार्ल्स स्टेंट या इंग्रज दंतवैद्याने एकोणिसाव्या शतकात दातांचे ठसे घेण्याचे मिश्रण सुधारले. पहिल्या महायुद्धात त्वचारोपण जागेवर धरून ठेवण्यासाठी ते वापरले गेले आणि ‘आधार’ या अर्थाने त्याचे नाव रूढ झाले.

१९६७ मध्ये झिमस्किंड यांनी मूत्रवाहिनीत सिलिकॉनची सरळ नळी वापरली. ती जागेवरून घसरे. नंतर गिबन्स यांनी तिला काटे जोडले. खरा तोडगा १९७८ मध्ये रॉय फिनी यांनी काढला : दोन्ही टोके वळवलेली नळी. एक वळण मूत्रपिंडात, दुसरे मूत्राशयात. ना वर सरकते, ना खाली. हाच ‘डबल-जे’, रुग्णालयाच्या बोलीत ‘डीजे’.

प्रत्यारोपणात तिला प्रतिस्पर्धीही आहेत. एका प्रकारात नळी पोटाच्या त्वचेतून बाहेर काढतात; लघवी मोजता येते, मात्र बाहेरच्या जंतूंना वाट मिळते. दुसऱ्यात ती लघवीच्या कॅथेटरला बांधतात. कॅथेटर ओढला की दोन्ही एकत्र निघतात. डीजे पूर्णपणे आत राहते, रुग्ण मोकळेपणाने हिंडतो-फिरतो. पण काढण्यासाठी सहसा पुन्हा दुर्बीण घालावी लागते. ती आतच विसरली गेली, तर तिच्यावर खडे साचतात. या साऱ्या तुलनेत हीच गोष्ट सर्वांत गंभीर ठरते.

कॉक्रेन संस्थेने अनेक चाचण्या एकत्र तपासल्या. सरसकट स्टेंट ठेवल्यास गळती व अडथळ्यासारख्या मोठ्या गुंतागुंती सुमारे एक चतुर्थांशावर येतात. मूत्रसंसर्ग मात्र वाढतो. रोज ४८० मिलिग्रॅम को-ट्रायमॉक्साझोल दिल्यास तो फरक उरत नाही. २०१८ च्या आढाव्यात पंधरा दिवसांच्या आत नळी काढलेल्या रुग्णांमध्ये संसर्ग कमी आढळला. त्यामुळे आता वाद नळी ठेवावी की नाही हा राहिलेला नाही. ती कोणत्या दिवशी काढावी, हा आहे.