एकमताचा हट्ट

१९५६ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या काँग्रेस विधिमंडळ पक्षापुढे मोठा पेच पडला. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात सांडलेले रक्त अजून वाळले नव्हते. १ नोव्हेंबरला विशाल द्वैभाषिक राज्य जन्मास यावयाचे होते. पण त्याचा नेता कोण?

मोरारजी देसाईंना निवड एकमताने हवी होती. भाऊसाहेब हिरे माघार घेईनात. तेव्हा मोरारजी बाजूस झाले आणि त्रेचाळीस वर्षांचे यशवंतराव चव्हाण पुढे आले. मते मोजली: ३३३ विरुद्ध १११. यशवंतराव मुख्यमंत्री झाले; मोरारजी दिल्लीस गेले.

एकमत शोभिवंत खरे; पण दुभंगलेल्या घरात ते मागणे म्हणजे दुसऱ्याने मौन पाळावे, असे म्हणणे. हिऱ्यांचा पराभव झाला, परंतु त्या १११ जणांचे म्हणणे निदान मोजले तरी गेले!