पक्षाचा उंबरठा आणि बाहेरचा मतदार

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांत वडीगोद्री हें गांव आहे. तेथील मतदार मतदानाच्या दिवशीं केंद्रावर जातो तेव्हां यंत्रावर उमेदवारांचीं नांवें आधींच लागलेलीं असतात. त्यांपैकीं एकास निवडण्याचा त्याचा अधिकार पूर्ण आहे. परंतु पक्षानें कोणास उभें करावें हें ठरवितांना त्याला कोणी विचारलेलें नसतें. अमेरिकेंत पक्षाचा उमेदवार ठरविण्यासाठीं मुख्य निवडणुकीपूर्वीं निराळें मतदान होतें. विस्कॉन्सिन राज्यानें त्याचा कायदा १९०३ सालीं केला. कोणत्याहि पक्षांत नांव न नोंदविलेल्या स्वतंत्र मतदारास या प्राथमिक निवडणुकींत मत असावें काय, हा वाद तेथें अद्याप मिटलेला नाहीं. तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९८६ सालीं कनेक्टिकटच्या रिपब्लिकन पक्षास स्वतंत्र मतदार बोलावण्याची मुभा दिली, आणि २००० सालीं कॅलिफोर्नियांतील पक्षांवर परके मतदार लादणारी पद्धत रद्द केली. दोन्ही निकालांचा अर्थ एकच कीं, दार उघडावयाचें किंवा नाहीं हें घरधन्यानें ठरवावें.

महाराष्ट्रानें हाच वाद निराळ्या रूपानें आणि पुष्कळ अधिक कडवटपणें अनुभवला आहे. आरंभींच्या काँग्रेसला नोंदलेले सभासदच नव्हते. कोठेंहि सार्वजनिक सभा भरवावी आणि तींतून प्रतिनिधि निवडून पाठवावे, अशी मोकळी रीत होती. मंडळी बहुतेक एका विचाराची होती तोंवर ती चालली. १९०७ चें अधिवेशन नागपुरास व्हावयाचें. तेथें टिळकपक्षाचा जोर दिसतांच तें सुरतेस नेण्यांत आलें. २७ डिसेंबरला मंडपांत जो जोडा फेकला गेला, तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता यांस लागला, हें सर्वांस ठाऊक आहे. त्या जोड्याची कथा इतकी रंगवून सांगतात कीं, पुढच्या वर्षीं शांतपणें घडलेली गोष्ट झांकली जाते. वास्तविक महत्त्वाची तीच. एप्रिल १९०८ मध्यें अलाहाबादेस नेमस्तांनीं घटना तयार केली. वसाहतींच्या धर्तीचें स्वराज्य व सनदशीर मार्ग ह्या ध्येयावर सही केल्यावांचून कोणास प्रतिनिधि होतां येईना, आणि निवडण्याचा अधिकार मान्य संस्थांपुरता उरला. जुलैंत टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली. दार बंद झालें, आणि आंतली वर्दळहि आटली.

मेहतांच्या म्हणण्यांत तथ्य नव्हतें असें नव्हे. ज्यास घराचे नियमच मान्य नाहींत त्यानें ऐन निवडीच्या दिवशीं येऊन घर ताब्यांत घ्यावें, ही भीति कोणत्याहि संस्थेस वाटेलच. १९१४ मध्यें टिळक सुटून आल्यावर ॲनी बेझंट व सुब्बाराव यांनीं समेटाची खटपट केली. गोखल्यांचें मन प्रथम अनुकूल होतें. टिळक आंत येऊन काँग्रेस आपल्या धोरणानें चालवूं पाहतील अशी खात्री होतांच त्यांनीं माघार घेतली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं गोखले निवर्तले, ५ नोव्हेंबरला मेहताहि गेले, आणि डिसेंबरांत मुंबईच्या अधिवेशनानें तोड काढली. साम्राज्यांतर्गत स्वराज्य हें ज्या संस्थेचें ध्येय आहे आणि जिला दोन वर्षें झालीं आहेत, तिनें भरविलेल्या सार्वजनिक सभेस पंधरापर्यंत प्रतिनिधि निवडतां येऊं लागले. बाहेरच्यास प्रवेश, पण ओळख पटवून! १९१६ सालीं टिळक लखनौच्या अधिवेशनास आले.

आणि गोखल्यांची भीति खरी ठरली. दोन वर्षांत काँग्रेसमधील बहुमत पालटलें. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांवरून मतभेद विकोपास गेले, आणि नोव्हेंबर १९१८ मध्यें नेमस्तांनीं मुंबईस आपली निराळी परिषद भरविली. तिचे अध्यक्ष तेच सुरेंद्रनाथ. ज्यांनीं घर बांधलें तेच बाहेर पडले. काँग्रेसमध्यें मात्र नवा जीव आला. ह्या दोन्ही गोष्टी त्या एकाच दारांतून आल्या. एक सांगून दुसरी लपविणें बरें नव्हे. पुढें १९२० मध्यें नागपुरास चार आणे वर्गणी व ध्येयाचा स्वीकार एवढ्यावर प्रौढ माणसास सभासद होतां येऊं लागलें. उंबरठा राहिला, पण तो चार आण्यांचा.

त्याच काँग्रेसनें २०१४ सालीं देशांतील १६ मतदारसंघांत अमेरिकन धर्तीच्या प्राथमिक निवडणुकीचा प्रयोग योजिला. महाराष्ट्रांत त्यासाठीं वर्धा आणि वडीगोद्रीच्याच मराठवाड्यांतील लातूर हे दोन मतदारसंघ निवडले. मताचा अधिकार मात्र पक्षाच्या पदाधिकारी-कार्यकर्त्यांपुरताच होता. बाहेरच्यास त्यांत स्थान नव्हतें. वर्ध्यांत त्या वेळच्या खासदारांचे चिरंजीव सागर मेघे निवडून आले, लातुरांत दत्तात्रय बनसोडे. मुख्य निवडणुकींत दोघेहि पडले. त्या वर्षीं राज्यांत काँग्रेसला दोनच जागा मिळाल्या, म्हणून पराभवाचा दोष ह्या पद्धतीस देणें न्यायाचें नाहीं. परंतु निवडणारे थोडे आणि सगळे आंतलेच असले कीं, आधींपासून मोठें असलेलें नांवच वर येण्याचा संभव अधिक. लातूरच्या सामान्य मतदारास, वडीगोद्रीच्या मतदाराप्रमाणेंच, उमेदवाराचें नांव ठरल्यावर कळलें.