शिवेचे स्मरण

तेल्हाऱ्याच्या परिसरात, सातपुड्याच्या पायथ्यापासून पूर्णेच्या खारपाणपट्ट्यापर्यंत, म्हणजे जिथे विहिरीचे पाणी खारट लागते त्या काळ्या जमिनीपर्यंत, गावांच्या शिवा कागदावर उतरण्यापूर्वी माणसांच्या स्मरणात होत्या. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेले आणि पुढच्या दशकात जमिनीची पद्धतशीर मोजणी सुरू झाली. तोवर शिवेच्या वादात महार वतनदाराची साक्ष निर्णायक मानली जाई, कारण नाल्याचे वळण, बाभळीचे झाड, पुरलेला दगड हा सारा क्रम त्याला पायी फिरून पाठ झालेला असे. या ज्ञानावर गावाने विसंबावे आणि ज्ञानी माणसाला मात्र वेशीबाहेर ठेवावे, हा अन्याय नोंदवलाच पाहिजे.

पायी फिरून पाठ होणाऱ्या या ज्ञानाचा धागा मेंदूपर्यंत जातो. १९७१ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ जॉन ओकीफ यांना उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मृती घडवणाऱ्या मेंदूच्या भागात, विशिष्ट जागी आल्यावरच चेतणाऱ्या पेशी आढळल्या. माणसाच्या उतारवयात हाच भाग आकसू लागतो, त्यामुळे नवी वाट ध्यानात ठेवणे किंवा मनातल्या नकाशावरून आडवाट काढणे जड जाते. तरुणपणापासून तुडवलेली वाट मात्र बहुधा शाबूत राहते. म्हाताऱ्या साक्षीदाराला चावडीत बसवून विचारण्यापेक्षा प्रत्यक्ष शिवेवरून चालवण्यात म्हणूनच शहाणपण होते, कारण एक खूण नजरेस पडली की तीच पुढच्या खुणेची आठवण करून देई.